चाळिशीआधी पाळी गेली तर हार्मोन किती आणि कुठवर?

पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांची भीती पसरली २००२ मध्ये. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाचा आणि पक्षाघाताचा धोका थोडा वाढलेला दिसला. त्यातल्या बायकांचं सरासरी वय मात्र ६३ होतं. पस्तिशीत पाळी गेलेल्या बाईला तोच आकडा लावणं चूक आहे. तिच्या वयाच्या इतरांच्या अंगात जे इस्ट्रोजेन (अंडाशयात बनणारं स्त्री-हार्मोन) असतंच, तेवढंच तिला परत द्यायचं असतं. ते न दिल्यास हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अंगाची लाही होत नसली, घाम फुटत नसला तरी उपचार लागतो.

वय चाळिशीच्या आत, चार महिने पाळी बंद किंवा अनियमित, आणि रक्तात एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) २५ आययू/लिटरच्या वर, असं असेल तर अंडाशयांचं काम मंदावलंय असं धरतात. आधी गरोदरपणाची चाचणी करायची. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना काढलेल्या एफएसएचवर विसंबायचं नाही.

मात्रेत सगळ्यात जास्त गडबड होते. पन्नाशीच्या बाईला पुरणारा १ मिलिग्रॅम इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) इथे अपुरा पडतो. सहसा रोज किमान २ मिलिग्रॅमची गोळी, किंवा ७५-१०० मायक्रोग्रॅमचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी) लागतो. वजन जास्त असेल किंवा रक्ताच्या गुठळीचा धोका असेल, तर पॅच किंवा जेल बरं. ते आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे गुठळीचा धोका वाढत नाही. पॅच कमरेखाली, कोरड्या त्वचेवर, दर वेळी जागा बदलून लावायचा. स्तनांवर कधीच नाही. आधी तेल-लोशन चोळलं तर तो सुटतो.

गर्भपिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही. आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो. ते टाळायला महिन्यातले १२ ते १४ दिवस रोज २०० मिलिग्रॅम मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (अस्तर जाड होऊ न देणारं हार्मोन), झोपताना; त्याने गुंगी येते. नंतर पाळीसारखं रक्त जातं. ते नको म्हणून अनेकजणी नेमकी हीच गोळी सोडतात! त्यापेक्षा हेच प्रोजेस्टेरॉन महिनाभर रोज १०० मिलिग्रॅम घ्यायचा पर्याय डॉक्टरांना विचारावा. अवेळी रक्तस्राव झाला तर सोनोग्राफी हवीच.

स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर हा उपचार सहसा देत नाहीत. बाकीच्यांनी साधारण पन्नाशीपर्यंत तो चालू ठेवायचा. 'पाच वर्षं झाली, आता बंद' हा हिशोब इथे लागू नाही. सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यावा.

आणि दिवस जाणारच नाहीत, असं धरू नये. अंडाशय मधूनच जागे होतात; अशा ५ ते १० टक्के बायकांना आपसूक गर्भ राहतो. मूल नको असेल तर गर्भनिरोधक वेगळं वापरावं लागतं, कारण या गोळ्या ते काम करत नाहीत.