व्हर्सायचा दंड, नोटांचा पूर आणि हिटलर

‘पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाने जर्मनीवर अशक्य दंड लादला, तो फेडायला पोत्याने नोटा छापल्या, म्हणून हिटलर आला.’ शाळेपासून ऐकलेलं हे समीकरण हिशेबात बसत नाही.

१९२१ साली आकडा ठरला १३२ अब्ज सुवर्णमार्क (सोन्याच्या भावात मोजलेले मार्क). त्यातले ८२ अब्ज अशा रोख्यांत टाकले, जे वसूल होतील असं ठरवणाऱ्यांनाही फारसं वाटत नव्हतं. शिवाय वसुली सोनं, परकी चलन, कोळसा अशी; कागदी मार्कांनी दंड फिटणारच नव्हता. मग छापखाने कशासाठी? युद्धच कर्जावर लढलेलं, तूट जुनी. त्यात जानेवारी १९२३मध्ये फ्रेंच-बेल्जियन फौजा जर्मनीच्या रूर या औद्योगिक पट्ट्यात घुसल्या (थकलेल्या दंडासाठीच, तेवढा दोष तहाच्या पदरात). काम बंद ठेवणाऱ्या कामगारांना बर्लिनने नोटा छापून पोसलं. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क!

पण मग नवं चलन आलं, घडी बसली. १९२८मध्ये नाझींना मतं मिळाली जेमतेम २.६ टक्के. जुलै १९३२मध्ये ३७ टक्के. मधे जागतिक मंदी, चॅन्सेलर ब्रूनिंगच्या सरकारची काटकसर आणि बेकारांची फौज. दंड? तो त्याच महिन्यात लोझान परिषदेत जवळपास निकालात निघाला होता.