खेळणं जुनं होतं ते दातांनी नाही, नाकानं!

नवा बॉल आणला की दोन दिवस कुत्रं येडं होतं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही, हे घरात कुत्रं असलेल्या सगळ्यांना माहितेय. मग आपण अजून एक खेळणं आणतो आणि जुन्यांचा ढीग दिवाणाखाली जमत जातो. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१२ साली यावरचा एक प्रयोग छापला. लॅब्राडॉर कुत्र्यांना एकच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं, ती कंटाळेपर्यंत, आणि मग अगदी तसल्याच आकाराचं पण रंग-वास वेगळा असलेलं दिलं, तर परत खेळायला तयार! म्हणजे त्या वस्तूचं दिसणं, वास, चव सगळं पाठ झालं की त्यांच्यासाठी ती संपली.

यात वासाचा वाटा मोठा. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात धरतात, कुत्र्याच्या २० ते ३० कोटी. त्यामुळं जुनं खेळणं परत वापरायचं म्हणजे आधी त्याचा वास बदलायचा. धुवा, उन्हात वाळवा, पंधरा दिवस कपाटात टाका आणि मग काढा. फुकटातलं नवं खेळणं.

फाटलेल्यांचं काय, तर सोलापुरात याला तोड नाही, कारण घरोघरी टॉवेल, आणि पूर्व भागात ओळखीचा कोणी कारखानदार असला तर सेकंडचा मालही मिळतो. टेरी टॉवेलचे उभे लूप पाणी भरपूर धरून ठेवतात. जुन्या टॉवेलच्या तीन लांब पट्ट्या काढायच्या, फुटलेल्या बॉलला समोरासमोर दोन भोकं पाडून त्यातून ओवायच्या, मग घट्ट वेणी घालून दोन्ही टोकांना गाठी. झालं ओढाओढीचं खेळणं. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला हेच भिजवून फ्रीजरला टाका, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं, तेव्हा चघळायला ही गार वेणी लई कामाची.

पण लूप सुटले की टॉवेलचे धागे निघतात आणि धागा पोटात गेला तर तो चिंधीसारखा गोळा होऊन बसत नाही, एक टोक अडकतं, आतडं पुढं सरकायचा प्रयत्न करत राहतं आणि धाग्यावर चुण्यांसारखं गोळा होतं, कधीकधी कापलंही जातं, मग ऑपरेशनशिवाय पर्याय नसतो. म्हणून वेणीची टोकं पिंजली की कात्रीनं साफ करायची, फारच झालं की टाकून द्यायची. सॉफ्ट टॉयमधली शिट्टी आणि पॉलिस्टरचा कापूसही आधी काढायचा, उरलेल्या कातड्यात चिंध्या भरून शिवून टाकायचं.

बॉलमध्ये खाऊ लपवायचा असेल तरी भोकं दोनच हवीत, एकाच भोकाच्या बॉलमध्ये चाटताना हवा ओढली जाऊन जीभ अडकल्याच्या घटना झाल्यात. आत कडक भाकरीचे तुकडे, मीठ न लावलेले चार-दोन भाजलेले शेंगदाणे चालतात. शेंगाचटणी मात्र अजिबात नको, तिखटाचं जाऊ द्या, त्यात लसूण असतो आणि लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कितीही आशेनं बघू दे.

एक गोष्ट मात्र वाचवायच्या फंदात पडू नका, गच्चीवर पडून भेगाळलेलं रबर. हवेतला ओझोन आणि ऊन रबराच्या लांब साखळ्या तोडतात, मग ते चावताच तुकडे पडतात आणि ते तुकडे गिळले जातात.

आणि नवीन चिंधी निवडताना लाल रंगाच्या मागं लागू नका, कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल त्याला मळकट तपकिरी. हिरवळीवर टाकलेली लाल वेणी ते डोळ्यांनी नाही, हुंगूनच शोधणार. त्याला मेहनत करायला लावायची असेल तर मग लालच घ्या!