रिमोटच्या टँकचा बोर्ड जळू नये म्हणून : फ्यूज कुठं, कितीचा अन् कसा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे रिपेअरिंगला येणाऱ्या रिमोटच्या टँकमध्ये, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या रणगाड्यांमध्ये, बोर्ड (मोटर चालवणारं सर्किट) जळालेलेच जास्त असतात, अन् बोर्डच खराब निघाला असं लोक म्हणतात, पण कारण बहुतेक वेळा खाली चाकांवरच्या पट्ट्यात असतं. टँक वावरात नेला, पऱ्हाटीची काडी नाहीतर कापसाचा धागा दातेरी चाकात गुंतला, पोट्ट्यानं रिमोटची स्टिक पुढे दाबूनच धरली, मोटर जागच्या जागी अडकली आणि थोड्याच वेळात जळका वास. पावसाळ्यात आपली काळी माती पट्ट्यात भरली की तेच होते.

मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. फिरणं थांबलं की ते उलटं व्होल्टेज गेलं, मग बॅटरीसमोर फक्त वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स उरतो. समजा वाइंडिंग अर्ध्या ओहमचं आहे आणि बॅटरी ७.४ व्होल्टची, तर करंट जवळपास १५ अँपिअर, अन् तीच मोटर सपाट अंगणात दोनेक अँपिअरवर आरामात चालते. विहिरीवरचा पंप जाम झाला की स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिप होतो म्हणून वाइंडिंग वाचतं, टँकच्या बऱ्याच बोर्डांत अशी काही सोयच नसते. मग मोटरला करंट देणारे मॉस्फेट तापून शॉर्ट होतात आणि कधी कधी तर रिमोट सोडला तरी टँक एका बाजूनं पळतच राहतो, असं झालं तर टँक उचलून आधी बॅटरी काढा.

म्हणून आम्ही दोन्ही मोटरच्या वायरमध्ये वेगवेगळा फ्यूज टाकतो. सगळ्यांसाठी बॅटरीजवळ एकच टाकला तर तो दोन्ही मोटर एकत्र ओढतील एवढा मोठा घ्यावा लागते, आणि एकच मोटर अडकली तर त्याला पत्ताच लागत नाही. कारचा पातीवाला फ्यूज चालतो, स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतो, ५ अँपिअरचा फिका तपकिरी, ७.५ चा गडद तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा. कितीचा घ्यायचा ते अंदाजानं ठरवू नका. टँक गवतात जागेवर गोल फिरवा (सगळ्यात जास्त जोर तिथंच लागतो) आणि डीसी क्लॅम्प मीटरनं (वायर न तोडता तिच्याभोवती अडकवून करंट दाखवणारा मीटर) एका मोटरचा करंट पहा. समजा ४ अँपिअर आला तर ५ चा फ्यूज लावा, अडकल्यावरच्या १५ च्या तो बराच खाली आहे. पण एक लक्षात असू द्या, ५ चा फ्यूज ६ अँपिअरवर लगेच उडत नाही, दुप्पट करंटलाही त्याला काही सेकंद लागू शकतात. त्यामुळे टँक अडला की स्टिक सोडणं हे तुमच्याच हातात आहे, फ्यूज लावला म्हणून दाबून धरायचं नाही.

बॅटरीच्या प्लस वायरला, कनेक्टरच्या अगदी जवळ, १५ चा मेन फ्यूज तरीही पाहिजेच, तो बोर्डासाठी नाही, आगीसाठी. २२०० एमएएच (म्हणजे २.२ अँपिअर-तास) २५सी ची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हिशोबानं २.२ च्या २५ पट, म्हणजे सतत ५५ अँपिअर देऊ शकते आणि वायर घासून शॉर्ट झाली तर त्याहून जास्त.

आपोआप रिसेट होणारा फ्यूज, म्हणजे पीटीसी, बरेच जण मागतात. चांगला आहे, पण त्याच्यावरचा अँपिअरचा आकडा खोलीतल्या साध्या तापमानाचा असतो. मे महिन्यात आपल्याकडे ऊन ४५ च्या घरात जाते, बंद टँकच्या पोटात ६० डिग्री सहज होते, आणि तेवढ्या गरमीत पीटीसीची ताकद साधारण तिसरा हिस्सा कमी होते. म्हणजे काही अडकलं नसताना टँक बंद पडेल. तेव्हा बॅटरी काढून सावलीत थंड होऊ द्या, करंट चालू असेपर्यंत तो रिसेट होत नाही.

मेटल गिअरबॉक्स टाकणाऱ्यांनी तर फ्यूज नक्कीच लावावा. प्लास्टिकचे दात आधी तुटायचे आणि बोर्ड वाचायचा, आता तुटायला काही उरलंच नाही. ११.१ व्होल्टची बॅटरी लावून द्या म्हणता, तेव्हाही अडकलेल्या मोटरचा करंट दीडपट आणि वाइंडिंगची गरमी सव्वादोनपट होते, आम्ही तरी सांगू नका लावू.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका हो, कृपा करून. उडाला तर बॅटरी काढा, टँक उलटा करा, दोन्ही दातेरी चाकं हातानं फिरवून पहा, जे जड जाते तिथंच काहीतरी अडकलं आहे, ॲक्सलवरचा धागा ब्लेडनं कापून काढा, मगच नवीन फ्यूज.

आणि दुकानात येताना उडालेला फ्यूज फेकू नका, सोबत आणा. आतली पट्टी मधोमध वितळून तुटली असेल तर मोटरवर लोड आला होता, आतून काळा पडून धातूचे शिंतोडे उडाले असतील तर कुठंतरी शॉर्ट आहे, म्हणजे आम्हाला आधी पट्टा उघडायचा की वायरिंग तपासायचं ते लगेच कळते.