मराठवाड्याच्या पाण्याचा हिशेब कुठे चुकत गेला?

1972 चा दुष्काळ पाहिलेली मराठवाड्यातली जुनी माणसं एक फरक आवर्जून सांगतात. तेव्हा खायला धान्य नव्हतं, पण विहिरींच्या तळाशी पाणी होतं. 2012-13 च्या दुष्काळात उलटं झालं. रेशनवर धान्य मिळत होतं, प्यायचं पाणी टँकरवर होतं. एप्रिल 2016 मध्ये तर मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं. मधल्या चाळीस वर्षांत धरणं, पाझर तलाव आणि बंधारे झाले, तरीही ही वेळ आली. ती का आली हे समजायला पाऊस किती पडला एवढंच पाहून भागत नाही.

पडलेल्या पावसाला वाटा मोजक्याच असतात. काही पाणी नदीनाल्यांना लागतं, काही जमिनीत मुरतं आणि बराच भाग ऊन, पिकं, झाडं हवेत परत पाठवतात. मराठवाड्यात मुरण्याची वाट मुळातच अरुंद आहे. काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कातळ आहे आणि पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. हा साठा लहान असतो आणि हळूहळूच भरतो, म्हणून विहिरींना झडीचा, भीजपावसाचा आधार. दोन तासांत कोसळलेला पाऊस शेताची माती घेऊन ओढ्याला जातो.

पावसाची ही चाल बदलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1951 ते 2015 दरम्यान देशाचा मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात ठळक आहे. देशाचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशांनी वाढलं. तापलेली हवा अंशामागे सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे सर कोसळते तेव्हा जोरात कोसळते आणि मधल्या उघडिपीत जमीन लवकर सुकते.

पश्चिम घाटाचा उल्लेख मराठवाड्यासाठी महत्त्वाचा आहे. पैठणचं जायकवाडी धरण प्रामुख्यानं नाशिक-नगरच्या घाटाकडच्या पावसावर भरतं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, दारणा आणि मुळेला सोबत घेऊन आलेली प्रवरा तिला मिळतात आणि मग ती पैठणला येते. दारणा आणि भंडारदरा ही धरणं इंग्रजांच्या काळातली. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींनी केलं. पैठणपर्यंत सुमारे 196 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी येईल, त्यातलं 115 वरच्या भागानं वापरावं आणि 81 जायकवाडीला राहावं, असा प्रकल्पाचा हिशेब होता. पुढच्या फेरमोजणीत येवा, म्हणजे येणारं पाणी, त्याहून कमी निघाला आणि वर धरणं मात्र वाढत गेली. हे सगळं हवामानबदलाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पहिला अंदाजच सढळ होता, वाटपात राजकारण होतं आणि पाण्याची तूट असलेल्या मांजरा खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने आपणच वाढवले. हवामानानं या ताणलेल्या हिशेबावर आणखी भार टाकला.

खर्चाच्या बाजूला एक मोठी रक्कम नेहमी नजरेआड राहते, ती बाष्पीभवनाची. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ आणि पसरट आहे. भरला की त्याचा पृष्ठभाग सुमारे 350 चौरस किलोमीटर होतो. एवढ्या पृष्ठभागावरून फक्त एक मीटर पाणी उडालं तरी 35 कोटी घनमीटर, म्हणजे 12 टीएमसीहून जास्त पाणी जातं. उन्हाळा जसा तापेल तशी ही वजावट वाढते आणि ती कुठल्याच गावाच्या वाट्याची नसल्यानं तिच्यासाठी कुणी भांडत नाही.

भांडण होतं ते वरच्या धरणांशी. दुसऱ्या जल व सिंचन आयोगानं, म्हणजे चितळे आयोगानं, 1999 मध्ये राज्याची उपखोऱ्यांत विभागणी करून तुटीची खोरी कोणती ते स्पष्ट मांडलं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं, म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्यांना न्याय्य वाटा देण्याचं, कलम आलं. मग मेंढेगिरी समितीच्या सूत्रातून नियम ठरला की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. 2023 च्या कोरड्या वर्षी याच नियमानं सुमारे 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला.

हा नियम झाला म्हणून निदान भांडणाला मोजमाप मिळालं. पण तो एका तारखेवर आणि एका टक्केवारीवर उभा आहे, आणि पाऊस आता तारखा पाळत नाही. कोरड्या पडलेल्या ज्या मांजरा धरणामुळे 2016 मध्ये लातूरला रेल्वे आली, त्याच धरणाचे दरवाजे सप्टेंबर 2021 मध्ये उघडावे लागले आणि नदीकाठची सोयाबीन पाण्याखाली गेली. हवामान विभागानं 2020 मध्ये मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या. वायव्य राजस्थानातून परतीला सुरुवात होण्याची सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली. म्हणजे परतीच्या पावसात आणि 15 ऑक्टोबरच्या मोजणीत पूर्वीइतकं अंतर उरलेलं नाही. अशा वेळी ऑगस्टच्या खंडात सुकलेलं शिवार आणि सप्टेंबरअखेर भरलेलं धरण एकाच वर्षात दिसू शकतं. धरणाची टक्केवारी त्या वर्षाला सुकाळ म्हणेल, पण पावसावर शेती करणाऱ्याचं खरीप त्याआधीच हातचं गेलेलं असेल.