यादी नाही, तरी फाइल सापडते: काड्या ओढून ठरणारी जागा

क्लाउडवर ठेवलेली फाइल नेमकी कोणत्या डिस्कवर आहे, याची भलीमोठी नोंदवही कुठेतरी असणारच, असा बहुतेकांचा समज असतो. काही प्रणालींत ती असतेही. पण शेकडो डिस्क एकत्र जोडून साठवण करणाऱ्या 'सेफ' या मुक्तस्रोत प्रणालीत अशी नोंदवही नाही. क्लस्टरचा, म्हणजे जोडलेल्या डिस्क-सर्व्हरच्या या समूहाचा, नकाशा हाती असला की कुठलाही संगणक माहितीच्या तुकड्याच्या नावावरून त्याची जागा गणिताने काढतो. हे गणित म्हणजे 'क्रश'. सेज वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००६ मध्ये सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून मांडलं.

काम दोन टप्प्यांत होतं. आधी तुकड्याच्या नावाचा हॅश (नावावरून गणिताने निघणारा, दरवेळी तोच येणारा आकडा) काढून तो एका प्लेसमेंट ग्रुपमध्ये, म्हणजे पीजीमध्ये टाकतात. मग तो अख्खा पीजी कोणत्या डिस्कवर जायचा ते ठरतं. खरी गंमत या दुसऱ्या टप्प्यात आहे.

प्रत्येक डिस्क एक काडी ओढते. सगळ्यांत लांब काडीवाली जिंकते. पीजीचा क्रमांक आणि डिस्कचा क्रमांक मिळून हॅश काढतात आणि त्यातून ० ते १ मधला एक आकडा घेतात. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम काढायचा (तो ऋणच येतो) आणि डिस्कच्या वजनाने भागायचं. उत्तर शून्याच्या जितकं जवळ, तितकी काडी लांब. वजन म्हणजे क्षमता: एका टेबीबाइटला १.

समजा तीन डिस्क आहेत, वजनं ४, ४ आणि ८. एका पीजीसाठी आकडे आले ०.५, ०.८ आणि ०.६. उत्तरं अनुक्रमे −०.१७३, −०.०५६ आणि −०.०६४. दुसरी डिस्क जिंकली. आता तिसरीचं वजन १० करू. तिचं उत्तर −०.०५१ होतं आणि पीजी तिच्याकडे जातो. पहिल्या दोघींच्या काड्या मात्र तसूभरही बदलल्या नाहीत, त्यामुळे वजन कितीही बदललं तरी पहिलीकडून दुसरीकडे काहीच सरकणार नाही. जे हलतं ते फक्त तिसरीकडे किंवा तिसरीकडून.

लॉगरिदमच का? आकडा वजनाने नुसता गुणला असता तर ४ आणि ८ वजनाच्या दोन डिस्कमध्ये मोठी डिस्क ७५ टक्के वेळा जिंकली असती. तिचा न्याय्य वाटा दोन तृतीयांश, आणि लॉगरिदमने तो नेमका तेवढाच मिळतो. जुन्या 'स्ट्रॉ' पद्धतीत प्रत्येकाची काडी शेजाऱ्यांच्या वजनांवरूनही ठरायची, म्हणून एका डिस्कला हात लावला की भलतीकडचीच माहिती हलायची. २०१५ च्या 'हॅमर' आवृत्तीत 'स्ट्रॉ२' आली आणि हा त्रास संपला.

एक पाचर मात्र आहेच. डिस्क सर्व्हरमध्ये असते आणि काड्या आधी सर्व्हर ओढतात, मग त्यातल्या डिस्क. डिस्कचं क्रश वजन बदललं की सर्व्हरचंही बदलतं. डिस्कला 'आउट' केलं, म्हणजे नकाशात ठेवूनच तिला माहिती देणं बंद केलं, तर मात्र सर्व्हरचं वजन तसंच राहतं. म्हणून कायमची काढायची डिस्क आधी 'आउट' करून नंतर नकाशातून पुसली, तर माहिती दोनदा हलते. त्याऐवजी सुरुवातीलाच तिचं क्रश वजन ० करावं, ती रिकामी होऊ द्यावी आणि मग काढावी. हलवाहलव एकदाच होते.

प्रत्येक पीजीच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर हव्यात आणि सर्व्हर तीनच असतील, तर वजनांना अर्थच उरत नाही. क्षमता ४०, ४० आणि १० टेबीबाइट असली तरी प्रत्येक सर्व्हरवर एकेक प्रत जाणारच. म्हणून वापरता येतात जेमतेम १०.

आता पीजी किती ठेवायचे? दर डिस्कमागे पीजींच्या सुमारे १०० प्रती हा नेहमीचा हिशेब. ६० डिस्क, ३ प्रती: ६० गुणिले १०० भागिले ३ म्हणजे २०००, जवळचा दोनाचा घात २०४८. हा घात शोभेपुरता नाही. १५०० पीजी ठेवले तर त्यातले ५४८ पीजी उरलेल्या ९५२ पेक्षा दुप्पट जड होतात, कारण १०२४ वरून वाढवताना त्यांचे दोन भाग व्हायचे राहून गेलेले असतात. दुसऱ्याच्या क्लस्टरमधला आकडा उचलून आपल्याकडे ताईतासारखा बांधणारे बरेच आहेत. त्या आकड्यामागची डिस्कसंख्या वेगळी असेल तर तो ताईत काही राखत नाही.

आकडा बरोबर असला तरी यादृच्छिक म्हणजे समान नव्हे. सरासरी १०० असेल तर प्रमाण विचलन (सरासरीपासूनची नेहमीची तफावत) १०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण १०. साठ डिस्कमधली सगळ्यांत भरलेली डिस्क सरासरीपेक्षा २०-२५ टक्के पुढे असणं स्वाभाविक आहे. क्लस्टर सरासरी ७० टक्के भरलेला असताना तीच डिस्क ८५ टक्क्यांची 'निअरफुल', म्हणजे भरत आल्याच्या इशाऱ्याची, रेषा गाठते. ९५ टक्क्यांना एकही डिस्क पोचली की लिहिणं थांबतं, मग बाकीच्यांवर कितीही जागा असो.

यावरचा उपाय २०१७ च्या 'ल्युमिनस' आवृत्तीपासून आलेला 'अपमॅप' बॅलन्सर. क्रशच्या उत्तरात तो काही निवडक पीजींपुरता फेरफार करतो आणि ते अपवाद नकाशात लिहून ठेवतो. म्हणजे नोंदवही परत आलीच, पण चार ओळींची! जुने क्लायंट (साठवण वापरणारे संगणक) हे अपवाद वाचू शकत नाहीत, म्हणून किमान 'ल्युमिनस' क्लायंटची अट आधी घालावी लागते.

'ट्यूनेबल्स', म्हणजे क्रशचं वागणं ठरवणाऱ्या सेटिंग, बदलताना विशेष जपावं. त्यांतलं 'चूजलीफ स्टेबल' ० वरून १ केलं की जवळजवळ प्रत्येक पीजीची जागा बदलते. आधी नकाशाची प्रत काढून क्रशटूल या नकाशा तपासायच्या साधनात चाचणी घ्यावी, किती पीजींना पुऱ्या जागा मिळत नाहीत ते पाहावं, आणि हलवाहलव थोपवणारं 'नोरीबॅलन्स' लावूनच नवा नकाशा चढवावा. मग बॅकफिल (पीजी नव्या जागी भरण्याचं काम) दर डिस्कला एका वेळी १ ठेवून, वर्दळ कमी असेल तेव्हा 'नोरीबॅलन्स' उठवावं.