पंढरपूर : यात्रा वाढली, मुक्काम घटला

पंढरपुरात मंदिराभोवतीचा दाटीचा भाग मोकळा करून प्रशस्त वाट काढण्याचा, म्हणजे कॉरिडॉरचा विषय २०२२ पासून अधूनमधून पेटतो, थंडावतो आणि पुन्हा वर येतो. प्रत्येक वेळी बाहेरचे लोक एकच प्रश्न विचारतात की, ज्या गावाकडे आषाढीला लाखोंनी माणूस येतो, त्या गावाला सुधारणा नको का आहे. या प्रश्नाचे उत्तर कॉरिडॉरच्या नकाशात सापडत नाही. गेल्या पन्नास वर्षांत या गावाचे रोजचे जगणे कशावर चालत आले आणि ते कसे आटत गेले, हे पाहिल्याखेरीज तिथला विरोध आणि तिथली भीती समजत नाही.

सोलापूरहून मोहोळमार्गे सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या या गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९८,९२३ होती. गावाचे वर्ष आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार खुंट्यांवर टांगलेले आहे. मधल्या काळात महिन्याच्या एकादश्या, सुट्ट्या आणि शनिवार-रविवार येतात. गावातला दुकानदार 'पर्यटक' हा शब्द कधी वापरत नाही. तो 'यात्रा' म्हणतो. यात्रा भरली, यात्रा पातळ होती, यात्रा पावली, अशी त्याची भाषा असते. तो आणखी एक शब्द वापरतो, जो सरकारी आराखड्यांत क्वचितच दिसतो, आणि तो म्हणजे 'मुक्काम'. यात्रा किती आली यापेक्षा ती किती रात्री राहिली, यावर इथले घर चालते.

पूर्वी हा मुक्काम गावाच्या घरांतच होता. बडवे, उत्पात आणि क्षेत्रोपाध्ये या पुजारी-उपाध्याय घराण्यांच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले यजमान उतरत. फडांचे, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटांचे, आणि दिंड्यांचे मठ होते, समाजासमाजाच्या धर्मशाळा होत्या आणि बाकीची यात्रा चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या टाकून राहत असे. दशमीला आलेला वारकरी पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला घेऊनच परतत असे, म्हणजे पाच-सहा रात्री गावात हमखास होत्या. काही जण आषाढी ते कार्तिकी असा चातुर्मास धरून राहत. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून इथवर आली, तेव्हा यात्रा वाढली, पण त्या गाडीच्या चालीने आलेला माणूस त्याच रात्री परत फिरण्याची शक्यता नव्हती. साने गुरुजींच्या मे १९४७ मधल्या उपोषणानंतर मंदिराचे दार दलितांना खुले झाले आणि ज्यांना शतकानुशतके पायरीपाशीच थांबावे लागले होते ते लोक आत गेले. या गावाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा बदल आहे, यात शंका नाही. मात्र या टिपणाचा विषय पोटापाण्याचा असल्याने त्याचा इथे नुसता उल्लेख करून पुढे जातो.

पोटापाण्याच्या बाजूने पहिला मोठा हादरा १९८० च्या दशकात बसला. मंदिराभोवतालचे रस्ते रुंद करण्यासाठी त्या वेळी जे पाडकाम झाले, त्याला गावात आजही 'मास्टर प्लॅन' असेच म्हणतात. त्या खुणा अजून दिसतात. एका गल्लीत कापलेल्या वाड्याची उरलेली भिंत आहे. तिच्यात छातीच्या उंचीवर एक देवळी आहे आणि देवळीच्या माथ्यावर पणतीच्या काजळीचा काळा डाग आहे. ती भिंत एके काळी आतल्या खोलीची होती. आज तिला लागून रसवंतीचा गाडा उभा राहतो. ज्यांनी लहानपणी अशी भिंत उघडी पडताना पाहिली, ती माणसे आज साठीत आहेत आणि मोजणीच्या नोटिसा आल्या की सभेला पहिल्या रांगेत तीच असतात. रस्ते रुंद झाल्याचा उपयोग झाला, हे तीही नाकारत नाहीत. आज प्रदक्षिणेच्या वाटेवरून दिंड्या तुलनेने मोकळेपणाने जातात. आपला हिशोब पुरा झाला नाही, असे मात्र त्यांना ठामपणे वाटते.

त्याच काळात वर उजनी धरण उभे राहिले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने जिल्ह्याला ऊस, डाळिंब आणि द्राक्षे दिली, आणि आज पंढरपूर तालुक्याचा पैसा मुख्यतः शेतीत व साखर कारखान्यांत फिरतो. चंद्रभागा मात्र धरणातून सोडलेल्या पाण्यावर वाहू लागली. वारीच्या स्नानासाठी पाणी सोडावे लागते. उन्हाळ्यात चैत्री वारीला आलेला माणूस डबक्यात पाय बुडवून वर येतो, आणि पावसाळ्यात उजनी व नीरा खोऱ्यातली धरणे एकदम सुटली की तीच नदी घाटावरून गावात शिरते. नदीवर अवलंबून असलेले होडीवाले, नारळ-फूलवाले आणि घाटावर गंध लावणारे यांचे दिवस तेव्हापासून धरणाच्या दरवाजांवर ठरू लागले.

मंदिराच्या कारभाराबाबतचा कायदा १९७३ चा आहे, पण प्रदीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, ही तारीख गावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. त्या हक्कांच्या काळात भाविकांना जो त्रास झाला, त्याची आठवण महाराष्ट्राला आहे आणि निकालाचे स्वागत झाले ते योग्यच होते. त्याची दुसरी बाजू कमी बोलली गेली. वाड्यांशी असलेले यजमानांचे नाते आधीच सैल होत होते, ते आता आणखी सुटले. यजमान उतरायचे बंद झाले, तेव्हा त्यांच्यासाठी पत्रावळी, दूध, जळण, भाजी पुरवणारी आणि धुणी-भांडी करणारी घरेही हळूहळू मोकळी झाली. यांतल्या कोणाचाही मंदिराच्या हक्कांशी काही संबंध नव्हता.

पाठोपाठ वाळवंटातला मुक्काम हलला. वाळवंटातली घाण आणि हाताने मैला उचलण्याची लाजिरवाणी प्रथा न्यायालयापुढे गेली, निर्बंध आले आणि नदीपलीकडे ६५ एकर जागेवर दिंड्यांच्या तळाची सोय झाली. तिथे पाणी आहे, शौचालये आहेत, दिवे आहेत आणि वारकऱ्याला चिखलात झोपावे लागत नाही. हे व्हायलाच हवे होते. पण वाळवंटात उतरलेली दिंडी मीठ-मिरचीपासून मृदंगाच्या वादीपर्यंत सगळे घाटाच्या वर येऊन घेत असे. पलीकडच्या तळावरची दिंडी आपला टँकर, आपला ट्रक आणि आपला शिधा घेऊन येते आणि गावात येते ती दर्शनापुरती.

उरलेले काम रस्त्यांनी केले. मीटरगेजपेक्षाही अरुंद असलेला लोहमार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी महामार्गांचे भूमिपूजन झाले आणि त्यानंतर पुण्याकडून येणारा रस्ता बराच सुकर झाला. आता पहाटे घरून निघालेली मोटार दुपारी दर्शन आटोपून रात्री घरी पोहोचते. एकादशीला एसटीच्या जादा गाड्यांनी आलेली माणसे त्याच रात्री परतीच्या फलाटावर असतात. यात्रेचा आकडा दरवर्षी फुगत गेला आणि मुक्कामाच्या रात्री घटत गेल्या. आकड्यांकडे पाहणाऱ्याला गाव भरभराटीला आलेले दिसते आणि उंबऱ्यावर बसलेल्याला ते आटताना दिसते, ते या कारणाने.

अशा गावावर २०२० हे साल कोसळले. १७ मार्चला मंदिर बंद झाले ते दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडले. आषाढीला संतांच्या पादुका एसटीने आल्या आणि गावात संचारबंदी होती. ऑक्टोबरमध्ये पूर आला. त्याच पावसात कुंभार घाटाची भिंत कोसळून ६ माणसे दगावली. पुढच्या वर्षी पुन्हा दार बंद झाले, ते ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडले. चुरमुऱ्यांची भट्टी, कुंकू-बुक्क्याचा कारखाना, तुळशीमाळा ओवणाऱ्या बाया, टाळ ओतणारे, लॉजचे पोरगे असे सगळेच दोन आषाढ्या नुसते बसून होते. इथल्या धंद्यात जेष्ठात उधारीवर माल भरायचा आणि पौर्णिमेनंतर देणे फेडायचे, अशी रीत आहे. २०२० चा जेष्ठातला माल भरला गेला नाही, पण आधीच्या माघीची देणी उभी होती. अनेक घरांतला थोरला मुलगा त्या वर्षी पुण्याला कामाला गेला आणि परत आला नाही. दुकानात आता आई बसते.

कॉरिडॉरचा प्रस्ताव चर्चेत आला तो या पार्श्वभूमीवर. वाराणसीचा कॉरिडॉर डिसेंबर २०२१ मध्ये आणि उज्जैनचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला होता आणि तसेच पंढरपुरात व्हावे, हा विचार जोर धरत होता. मंदिराभोवतीचा दाटीचा भाग मोकळा करावा आणि घाट ते मंदिर ही वाट प्रशस्त करावी, हा त्याचा गाभा. प्रस्तावाच्या बाजूने दिले जाणारे कारण खरे आहे. आषाढीला महाद्वारात चेंगराचेंगरी झाली तर रुग्णवाहिका आत नेता येणार नाही, हे गावातले कोणीही मान्य करील. वाद आहे तो मोकळ्या जागेच्या मापाचा आणि त्याहून जास्त एका शब्दाचा. तो शब्द 'बाधित'.

बाधित कोण, यावर इथे सगळे अडले आहे. सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर ज्याचे नाव तो मालक, एवढे धरले तर प्रश्न सोपा वाटतो. पण मंदिराजवळच्या एका वाड्याचा उभा छेद घेऊन पाहावा. उतारा पणजोबांच्या नावावर आणि वारस चौदा, त्यांतले दहा पुण्या-मुंबईला. खालच्या तीन गाळ्यांत तीन भाडेकरू, त्यांतल्या एकाच्या आजोबाने पागडी देऊन गाळा घेतलेला, पण पावती नाही. दुसऱ्याने आपल्या गाळ्याचा अर्धा भाग मेहुण्याला चालवायला दिलेला. बाहेरच्या ओट्यावर तीस वर्षे तुळशीमाळा विकणारी बाई, जिचे कुठल्याही कागदावर नाव नाही, आणि समोर रस्त्यावर गंधाचे ताट घेऊन बसणारा मुलगा. वरच्या मजल्यावर एका फडाचा मठ, जो वर्षातले दहा दिवस भरतो आणि एरवी कुलपात असतो. या वाड्याची भरपाई निघाली तर ती वारसांच्या खात्यांवर वाटली जाईल आणि ज्या चारपाच चुली त्या वाड्यावर रोज पेटतात, त्या बाधितांच्या यादीबाहेर राहतील, अशी धास्ती आहे. मास्टर प्लॅनच्या वेळी असेच झाले, असे जुने लोक सांगतात.

भाडेकरूंना दुकानाच्या बदल्यात दुकान देण्याची भाषा चर्चेत वारंवार येते. पण पंढरपुरातल्या दुकानाची किंमत चौरस फुटांत नसते, ती वाटेवर असते. स्नान करून पुंडलिकाकडून वर येणारा, नामदेव पायरीला डोके टेकणारा माणूस ज्या पंधरावीस पावलांत बुक्का आणि माळ घेतो, तीच पावले म्हणजे दुकान. तोच गाळा स्टेशन रस्त्यावरच्या संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर मिळाला, तर तो कागदावर समान असतो आणि धंद्यात शून्य. बाधित या शब्दाची व्याख्या जागेवरून न करता रोजीवरून करावी, ही मागणी मला रास्त वाटते. ती मान्य झाली तर निम्मा विरोध मावळेल, असेही वाटते.

आणखी एक गोष्ट नकाशात नीट दिसत नाही. हजारो वारकरी रांगेत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा आणि कळसाचे दर्शन झाले की त्यांची वारी पुरी होते. प्रदक्षिणेच्या वाटेवरचे मठ, वळणे, कोपऱ्यावरची छोटी देवळे हीच त्यांची पंढरी आहे. म्हणूनच प्रशस्तपणाला विरोध करणाऱ्यांत दुकानदारांइतकेच काही जुने फडकरीही दिसतात.

२०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचे काम हाती घेतले गेले आणि १५ मार्चपासून २ जूनपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद राहिले. दगडावरचे रंग आणि फरशा निघाल्यावर गाभाऱ्याचे जुने रूप दिसू लागले, ते पाहून गाव हरखले. अडीच महिने यात्रा पातळ होती, तरी त्या कामाला विरोध झाला नाही. त्या कामात कोणाचे घर जाणार नव्हते. २०२५ मध्ये टोकन घेऊन ठरल्या वेळी दर्शनाला यायचे, याची चाचणी झाली. गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेल्या रांगेत चोवीस तास उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय ठरेल. रांगेतल्या माणसाला चहा, केळी आणि बसायला पोते विकणाऱ्यांनी मात्र चाचणीच्या बातम्या वेगळ्या नजरेने वाचल्या.

चौफाळ्याजवळच्या एका दुकानात कुंकवाचे शंकू अजून हाताने रचले जातात. ओलसर फडक्याने परात पुसून, वाटीने कुंकू ओतत, पुठ्ठ्याच्या पट्टीने कडा साधत वितभर उंचीचा शंकू उभा करायला पाऊण तास लागतो आणि शेजारी बुक्क्याचा काळा शंकू उभा राहतो. दुकानाच्या मालकीणबाई सांगत होत्या की, पूर्वी दशमीच्या पहाटे रचलेले शंकू पौर्णिमेपर्यंत तीनदा संपायचे. आता एकादशीला एकदा संपतात आणि द्वादशीला दुपारी रस्ता झाडून घेता येतो. या वर्षीचा माल त्यांनी निम्माच भरला आहे. गाळ्याची मोजणी कधी होईल, हे कोणीच सांगत नसल्याने व्यापारी उधारी द्यायला तयार नाही.