घरकामगार स्त्रियांची चळवळ (महाराष्ट्र)

धुणीभांडी, केर-लादी, पोळ्या, लहान मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणे अशी कामे दुसऱ्याच्या घरी पगारावर करणाऱ्या स्त्रियांनी योग्य वेतनासाठी आणि कामगार म्हणून मान्यतेसाठी उभारलेली चळवळ. 'मोलकरीण' या जुन्या शब्दात 'मोल', म्हणजे मजुरी, आहेच. पण तो हिणवण्यासाठीच जास्त वापरला गेला. त्यामुळे कार्यकर्त्या आता 'घरकामगार' म्हणतात. कायद्याने मात्र 'घरेलू कामगार' हा हिंदी वळणाचा शब्द घेतला.

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्याच सुमारास पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. या धंद्यात संप करणे अवघड असते. एक बाई चार-पाच घरी जाते, म्हणजे तिला चार-पाच मालक. आणि तिने काम सोडले तर शेजारच्या वस्तीतली दुसरी उद्या दारात उभी असते. म्हणून संघटनांनी कामागणिक दर ठरवून दरपत्रके काढली. वादाचा खरा मुद्दा बहुधा 'खाडा' असतो: मूल तापाने फणफणले म्हणून बाई आली नाही, तर त्या दिवसाचे पैसे कापायचे का? आठवड्याची सुटी आणि दिवाळीला एक पगार बोनस या मागण्याही त्यातल्याच. मालकिणीने दिलेली साडी ही मर्जी; बोनस हा हक्क.

स्त्रीवादाची पंचाईत इथेच होते. घरकाम हेही श्रमच, त्याची किंमत मोजा, असे १९७०च्या दशकापासून स्त्रीवादी सांगत आल्या. पण शिकलेली बाई नोकरीला बाहेर पडली तेव्हा घरातले काम नवऱ्याने क्वचितच उचलले. ते गेले वस्तीतल्या बाईकडे, आणि तिच्याशी पगाराची घासाघीस करायला उरली तीही बाईच. शिवाय इथे जात आहे: वेगळा कप, जमिनीवर बसणे, स्वयंपाकाला एका जातीची आणि संडास धुवायला दुसऱ्या जातीची बाई. दलित स्त्रीवादाने हे 'भगिनीभावा'च्या भाषेत मिटू दिले नाही. दुसरीकडे, पुणे जिल्हा घरकामगार संघटनेच्या किरण मोघे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्त्री चळवळ आणि कामगार संघटना ही दोन्ही कामे एकत्रच केली.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ साली झाला. तो नोंदणी आणि कल्याणकारी मदतीपुरता आहे. पगार किती असावा, हे तो सांगत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी करार क्र. १८९ संमत केला. भारताने बाजूने मत दिले, पण कराराला अनुसमर्थन दिलेले नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात मात्र घर हे कामाचे ठिकाण ठरले. घरकामगार स्त्रीची तक्रार या कायद्याखाली जिल्ह्यात नेमलेल्या स्थानिक समितीकडे जाते, आणि तीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.